चित्र आणि क्रम : ‘फुलांच्या दरी’ची संहिता

मराठी प्रवासवर्णनाची समीक्षा करताना एक विशेषण जवळजवळ सवयीने वापरले जाते : ‘चित्रदर्शी’. लेखकाने प्रदेश डोळ्यांसमोर उभा केला, वाचकाला घरबसल्या तेथे नेले, यापेक्षा मोठी प्रशस्ती या वाङ्मयप्रकाराच्या वाट्याला सहसा येत नाही. या प्रशस्तीमागे एक गृहीतक दडलेले आहे. भाषेचे काम चित्राची जागा भरून काढण्याचे आहे, आणि ते ती जितके चोख करील तितके लेखन सरस, असे ते गृहीतक. त्याची तपासणी करायची तर जेथे चित्र आपल्यापुढे आयतेच उभे असल्याचा भास होतो असे एखादे स्थळ घ्यावे. गढवालमधील चमोली जिल्ह्यात, पुष्पावती नदीच्या काठी, समुद्रसपाटीपासून सुमारे साडेतीन हजार मीटरांवर असलेली ‘फुलांची दरी’ हे असे स्थळ आहे. जुलै-ऑगस्टच्या पावसात तेथे केलेल्या पदभ्रमणाचे वर्णन हा आता मराठी दिवाळी अंकांतला आणि रविवार पुरवण्यांतला एक स्थिर उपप्रकार झाला आहे. त्यातले बरेचसे लेखन वाईट आहे, हे सांगण्यासाठी हा लेख नाही. ते विशिष्ट तऱ्हेनेच का लिहिले जाते आणि त्या तऱ्हेची किंमत कोण मोजतो, हा येथला प्रश्न आहे.

उंच पर्वतातील फुलांचे वर्णन आणि साहित्यसिद्धान्त यांची गाठ यापूर्वीही एकदा पडली आहे, आणि तीही फार निर्णायक ठिकाणी. लेसिंगच्या ‘लाओकोन’चे (१७६६) सूत्र आपल्याकडील सौंदर्यशास्त्राच्या विद्यार्थ्यांना परिचित आहे : चित्रकला अवकाशात एकत्र नांदणाऱ्या वस्तूंची, तर काव्य काळात एकामागून एक घडणाऱ्या क्रियांची कला. हे सूत्र सिद्ध करण्यासाठी ग्रंथाच्या सतराव्या प्रकरणात लेसिंगने कोणते उदाहरण घेतले, याकडे मात्र सहसा लक्ष जात नाही. ते आहे अल्ब्रेख्त फॉन हालर याच्या ‘दी आल्पेन’ (१७३२) या काव्यातील, आल्प्समधल्या जेन्शियन व तिच्या सोबतच्या फुलांच्या वर्णनाचे. हालर हा कवी तर होताच, शिवाय अव्वल दर्जाचा वनस्पतिशास्त्रज्ञही होता. पाकळीचा आकार, पानावरची शीर, रंगाची छटा यांत त्याची चूक होण्यासारखी नव्हती. लेसिंगचा आक्षेप अचूकपणावर नाहीच. एकेक अवयव सांगत कवी पुढे जातो तेव्हा आधीचा अवयव वाचकाच्या मनातून निसटलेला असतो. अखेरीस हाती राहतात ते कवीचे कष्ट, फूल राहत नाही. ज्याच्या हातात प्रत्यक्ष ते फूल आहे त्याला या ओळी म्हणून दाखवता येतील, अशी पुस्तीही तो किंचित मिस्किलपणे जोडतो.

लेसिंगने हालरला दिलेला न्याय कठोर आहे, असे मला वाटते. पण त्याने ओळखलेली अडचण खरी आहे. फुलांनी भरलेले कुरण शब्दांत मांडू पाहणाऱ्या लेखकापुढे दोन वाटा असतात. एक नावांच्या यादीची : प्रिम्युला, पोटेंटिला, जेरेनियम, ॲनिमोन, निळी पॉपी. दुसरी प्रतिमेची, आणि तिच्यावर एकच शब्द पहारा देत उभा असतो : ‘गालिचा’. यादीत फूल दिसत नाही, गालिच्यात ते वेगळे उरत नाही. मराठी पदभ्रमणलेख सामान्यतः या दोन्ही वाटांनी आळीपाळीने जातात. एका परिच्छेदात यादी, पुढच्यात गालिचा, आणि मग शब्द अपुरे पडल्याची कबुली. ही कबुली आता इतकी रूढ आहे की तिला विनयाऐवजी संकेत म्हणणेच योग्य.

लेसिंगच्या सूत्रातून निघणारी तिसरी वाट क्रमाची आहे. फूल ही वस्तू न मानता घटना मानली, तर भाषा आपल्या स्वभावावर येते. मौज अशी की या दरीला जगभर नाव मिळवून देणारे पुस्तक बव्हंशी याच वाटेने गेलेले आहे.

फ्रँक स्माइथ, एरिक शिप्टन, आर. एल. होल्ड्सवर्थ आणि त्यांचे सहकारी यांनी २१ जून १९३१ रोजी कामेटचे (७,७५६ मीटर) शिखर सर केले आणि परतताना धौलीच्या खोऱ्याकडून भ्यूंडार खिंड ओलांडून पावसाळी धुक्यात ते या दरीत उतरले. गिर्यारोहणाच्या ग्रंथांत मान्सूनचे स्थान कथानकशास्त्राच्या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. तेथे तो शेवटाचा सूचक असतो : मान्सून आला, चढाई संपली, तंबू गुंडाळले. १९३१ च्या या प्रसंगात मात्र कथा संपते तेथेच दुसरी कथा उगवते. शिखराच्या दृष्टीने जो काळ टाकाऊ, तोच फुलांच्या दृष्टीने एकमेव. स्माइथ १९३७ मध्ये पुन्हा आला, मुख्यतः याच टाकाऊ काळासाठी. आणि १९३८ मध्ये ‘द व्हॅली ऑफ फ्लॉवर्स’ प्रसिद्ध झाले. पुस्तकात चढाया आहेत, बर्फातल्या गूढ पाऊलखुणांचे प्रकरण आहे (त्या अखेर अस्वलाच्या ठरल्या), पण त्याचा कणा आहे मुक्कामाचा. लेखक एका जागी आठवडेच्या आठवडे राहतो. बर्फ मागे हटते, त्याच्या कडेने पहिली प्रिम्युला येते, ती जाते, तिच्या जागी दुसरे काही उभे राहते. नमुने दाबले जातात, बिया पिकण्याची वाट पाहिली जाते, कारण त्या एडिंबराच्या वनस्पती उद्यानाकडे पाठवायच्या आहेत. बी गोळा करणाऱ्याला फुलाचे कोमेजणे टाळून चालत नाही. म्हणून या पुस्तकात फुले संपतात, आणि संपणे हा त्यातला मजकूर आहे.

मेरी लुइझ प्रॅट यांच्या ‘इम्पीरियल आइज’ (१९९२) या ग्रंथाच्या प्रकाशात स्माइथचे वाचन करणे सोपे आहे, आणि ते काही अंशी करायलाच हवे. नमुने गोळा करणारा निरुपद्रवी निसर्गप्रेमी हाच वसाहतीच्या ज्ञानव्यवस्थेचा सौम्य मुखवटा असतो, हे प्रॅट यांचे प्रतिपादन बिया एडिंबराला जातात तेथे तंतोतंत लागू पडते. औद्योगिक युरोपला कंटाळलेला पुरुष शांततेचे स्थळ शोधतो आणि शोधलेल्या स्थळाला स्वतःच्या भाषेत नाव देतो, हेही त्याच साच्यातले. भ्यूंडार हे नाव त्याच्या आधीपासून होते; खिंडीलाही, खोऱ्यालाही, गावालाही. खिंडीला नाव असणे म्हणजे तिच्यावरून माणसे जात-येत असणे. मात्र हे मान्य केल्यावरही पुस्तकाचा देह आणि पुस्तकाचे नाव यांत फरक करावा लागतो, आणि तो वसाहतोत्तर समीक्षेच्या घाईत बुजून जातो. देह क्रमाचा आहे, नाव चित्राचे. पुढे प्रवास केला तो नावाने. पुस्तक फार थोड्यांनी वाचले, नाव सर्वांनी ऐकले.

हे नाव मराठीत आले तेव्हा त्याने आणखी एक वळण घेतले. हिंदीने ‘फूलों की घाटी’ म्हटले. मराठीत घाट म्हणजे चढायची वाट, म्हणून आपण ‘दरी’ म्हटले. सह्याद्रीच्या माणसाची दरी ही वरून पाहायची वस्तू आहे. तो कड्यावर उभा असतो, दरी खाली असते, आणि तिच्यात उतरणे हा अपवाद. नदीच्या काठाने जिच्यात वर-वर चढत जायचे त्या भूरूपाला मराठीत ‘खोरे’ हा चपखल शब्द आहे; पण कृष्णेच्या, गोदावरीच्या खोऱ्याला धरणांचा आणि पाणीवाटपाचा वास लागलेला असल्याने ‘फुलांचे खोरे’ कोणी म्हटले नाही. ‘दरी’ या एका शब्दाने वाचकाला आधीच कड्यावर, म्हणजे प्रेक्षकाच्या जागी, नेऊन उभे केले. प्रत्यक्षातली वाट उलटी आहे. अलकनंदेकाठच्या गोविंदघाटावरून निघायचे, पुलना आणि भ्यूंडार मागे टाकीत तीन हजार मीटरांवरच्या घांगरियाला पोचायचे, आणि तेथून पुढे पुष्पावतीच्या कडेने ओल्या दगडांवरून वर जायचे. पावसात बहुतेक वेळ नजर समोरच्या दोन हातांवर असते. विहंगम असे काही दिसतच नाही. धुके एखादी खिडकी उघडते आणि मिटते. हा अनुभव मूलतः तुकड्यांचा आहे. तरी लेख लिहिला जातो तो विहंगमाचा.

त्याला एक व्यावहारिक कारणही आहे, आणि समीक्षेने व्यावहारिक कारणांना कमी लेखू नये. १९८२ मध्ये हा सुमारे ८७ चौरस किलोमीटरांचा प्रदेश राष्ट्रीय उद्यान झाला, २००५ मध्ये नंदादेवी उद्यानाच्या जोडीने जागतिक वारशाच्या यादीत गेला. उद्यानात मुक्काम करता येत नाही. सकाळी शिरायचे, संध्याकाळपूर्वी घांगरियाला परतायचे. स्माइथचे पुस्तक ज्या मुक्कामावर उभे आहे तो मुक्कामच वाचकाच्या पिढ्यांना उपलब्ध नाही. ज्याला एक दिवस मिळतो तो क्रम कोठून आणणार? त्याच्या वाट्याला एकच छेद येतो, आणि तो त्या छेदाला संपूर्ण मानतो. जूनमधली प्रिम्युला, जुलैतली निळी पॉपी, ऑगस्टमध्ये उंच माजणारा गुलाबी तेरडा हे सारे एकाच दिवशी एकाच कुरणात फुलल्याचे लेखांत आढळते ते लेखक खोटे बोलतो म्हणून नव्हे. चित्राची मागणी तशी असते.

ऋतूंना असे एकत्र आणण्याची परंपरा मात्र थोर आहे. ‘मेघदूता’च्या उत्तरार्धात अलकेच्या स्त्रिया सहा ऋतूंची फुले एकाच वेळी लेतात : हाती कमळ, केसांत कुंद, मुखावर लोध्राचा पराग, अंबाड्यात कुरबक, कानी शिरीष आणि भांगात पावसाळ्यातला कदंब. चिंतामणराव देशमुख, बोरकर, कुसुमाग्रज, शांता शेळके अशा अनेकांनी हे काव्य मराठीत आणले असल्याने अलका आपल्या हिमालय-कल्पनेच्या मुळाशी आहे, असे म्हणायला हरकत नाही. पण कालिदासाने ही एककालिकता फुकट घेतलेली नाही. यक्षांची नगरी काळाबाहेरची आहे, हे सांगण्याचा तो संकेत आहे. आणि त्या काळाबाहेरच्या नगरीशी ज्याची ताटातूट झाली तो यक्ष पुरेपूर काळात आहे. त्याचा शाप वर्षाचा, त्यातले चार महिने उरलेले, ते विष्णू शेषशय्येवरून उठेपर्यंत मोजायचे. शिवाय अलकेला पोचण्याआधी सबंध पूर्वमेघ ओलांडावा लागतो : हा डोंगर, ही नदी, येथे विसावा, येथे वृष्टी. म्हणजे क्रम आधी, चित्र नंतर. आणि चित्राला अर्थ क्रमामुळे. आपल्या पदभ्रमणलेखांनी उत्तरमेघ उचलला आणि पूर्वमेघ ‘प्रवासाचा शीण’ म्हणून दोन ओळींत उरकला. तो मेघही मान्सूनचाच होता, हे अशा वेळी कोणाला आठवत नाही. लेखात पाऊस येतो तो फोटो बिघडवणारा विघ्नकर्ता म्हणून.

घांगरियाच्या पुढे वाट दुभंगते. एक फाटा दरीकडे, दुसरा चार हजार मीटरांहून उंच असलेल्या हेमकुंडाकडे. हे शीख तीर्थस्थान आजच्या रूपात आले तेही १९३० च्याच दशकात. ‘बचित्तर नाटक’ या संहितेतील सात शिखरांच्या उल्लेखावरून संत सोहनसिंग यांनी ते शोधून काढले. शेजारशेजारच्या दोन स्थळांपैकी एक पुस्तकावरून सापडले आणि दुसरे सापडल्यावर पुस्तक झाले. या योगायोगावर स्वतंत्रपणे लिहिण्यासारखे आहे.

हेमकुंडाच्या वाटेवर ब्रह्मकमळ दिसते, आणि मराठी लेखकाची खरी कसोटी तेथे लागते. महाराष्ट्रात ज्याला आपण ब्रह्मकमळ म्हणतो, गच्चीवरच्या कुंडीत ज्याच्या एका रात्रीच्या फुलण्यासाठी शेजारी जमतात, ते मेक्सिको-मध्य अमेरिकेकडून आलेले निवडुंगाच्या कुळातले फूल. गढवालचे ब्रह्मकमळ सूर्यफुलाच्या कुळातले, फिकट हिरवट-पिवळ्या पातळ आवरणात जांभळा गुच्छ लपवणारे. भाद्रपदातल्या नंदाष्टमीला नंदादेवीला वाहायचे. एकाच नावाखाली दोन वनस्पती, दोन खंड, दोन विधी. येथे थांबून पाहणाऱ्याला नाव आणि वस्तू यांच्या संबंधाविषयी चिन्हमीमांसेच्या पाठ्यपुस्तकापेक्षा अधिक काही मिळू शकते. बहुतेक लेखांत मिळतो तो अपेक्षाभंग, किंवा त्याहून वाईट म्हणजे न झालेला आनंद.

नावाची ही भटकंती आपल्या दारापर्यंत आलेली आहे. साताऱ्याजवळच्या कासला ‘महाराष्ट्राची फुलांची दरी’ म्हणण्याची रीत पडली आहे. कास हे पठार आहे, जांभ्या दगडाचा सडा. भूरूप म्हणून दरीच्या नेमके उलट. मातीचा थर इतका पातळ की तेथली फुले बोटाएवढ्या उंचीवर थांबतात आणि माणसाला ती पाहण्यासाठी वाकावे लागते. पठाराला दरी म्हणताना कोणालाच अडखळायला होत नाही, याचा अर्थ ‘फुलांची दरी’ या शब्दांतून भूगोल केव्हाच गळून गेला आहे. उरली आहे ती पाहण्याची एक रीत. वास्तविक कासच्या फुलांना मराठीत स्वतःची नावे आहेत. गेंद आहे, टोपली कारवी आहे, जी सात वर्षांतून एकदा फुलते आणि म्हणून कोणत्याही एका सहलीच्या चित्रात मावत नाही. सीतेची आसवे आहेत : निळसर-जांभळे, नाजूक, आणि कीटकभक्षी. दुःखाचे नाव धारण केलेले हे फूल जमिनीखाली सूक्ष्म जीव पकडून पोट भरते, ही विसंगती पेलणारे मराठी गद्य अजून लिहिले जायचे आहे.

तसे गद्य अशक्य नाही. दुर्गा भागवतांचे ‘ऋतुचक्र’ (१९५६) आपल्यापुढे आहे. त्या पुस्तकाची वाखाणणीही ‘चित्रदर्शी’ म्हणूनच होत आली, आणि मला ती त्याच्या रचनेवर अन्याय करणारी वाटते. महिन्यामागून महिना अशी त्याची बांधणी आहे. एकच झाड निष्पर्ण, पालवलेले, फुललेले, फळलेले असे पुन्हा भेटते. त्याचे सामर्थ्य दिसण्यात कमी आणि परत येण्यात अधिक आहे. बाख्तीनच्या परिभाषेत बोलायचे तर त्यातील कालावकाश हा परतणाऱ्याचा आहे, पाहुण्याचा नाही.

फुलांच्या दरीत परतणारे कोण होते, हा प्रश्न येथे टाळता येत नाही. १९८२ पूर्वी या कुरणांवर खालच्या गावांतले मेंढपाळ उन्हाळा-पावसाळ्यात कळप घेऊन येत. त्यांच्या भाषेत अशा कुरणाला बुग्याल म्हणतात. त्या शब्दात फूल नाही, चारा आहे. परीसारख्या आछरी येथे वावरतात, त्या गोंगाट करणाऱ्याला उचलून नेतात, अशी गढवाली लोकसमजूत लेखांतून हटकून सांगितली जाते आणि तिच्या आधारे ‘म्हणून स्थानिक लोक दरीत पाऊल टाकत नसत’ असा निष्कर्ष काढला जातो. मेंढपाळ वर्षानुवर्षे येत होते आणि आछरींनाही मानत होते, या दोन गोष्टी एकत्र नांदू शकतात, हे चित्राच्या तर्कात बसत नाही. निर्जनता ही या चित्राची पूर्वअट आहे. आधी ती नावात आली, मग वर्णनांत, आणि राष्ट्रीय उद्यान झाल्यावर चराई बंद झाली तेव्हा जमिनीवर. साहित्यामुळे कायदा झाला असे मी म्हणत नाही. कार्यकारणभाव इतका सरळ नसतो. कायद्याला जे दृश्य जपायचे होते ते साहित्याने आधी रचून ठेवले होते, एवढे म्हणता येते.

त्यानंतरचा वाद वनस्पतिशास्त्रातला आहे, पण त्याची मांडणी समीक्षकाला ओळखीची वाटावी. दरीत पॉलिगोनम जातीचे एक उंच, दाट वाढणारे झुडूप पसरत गेले आणि त्याखाली लहान फुलझाडे गुदमरू लागली. काहींच्या मते चराई थांबल्याने त्याला मोकळे रान मिळाले. इतर अभ्यासक म्हणतात की पूर्वीच्या चराईने आणि तळांनी विस्कटलेल्या जागीच ते माजते, तेव्हा बंदीला दोष देणे गैर. वनखाते ते दरवर्षी उपटते. चंद्रप्रकाश काला यांच्या अभ्यासात दरीतील वनस्पतींच्या ५२० जाती नोंदल्या गेल्या. पॉलिगोनमही त्याच भूमीचे, बाहेरून आलेले नव्हे. दोन्ही पक्ष एका बाबतीत मात्र सहमत आहेत : दरीला भूतकाळ आहे, आणि आज दिसते ते त्याच्यामुळे दिसते. कासलाही कुंपण आले, चराई थांबली, आणि हाच वाद मराठीत झाला.

दरीत एक कबर आहे. जोन मार्गारेट लेग या वनस्पती-अभ्यासक स्त्रीचा ४ जुलै १९३९ रोजी येथे कड्यावरून पडून मृत्यू झाला. तिच्या बहिणीने पुढे तेथे शिळा बसवली. पदभ्रमणलेख या शिळेपाशी थांबल्यावाचून राहत नाही. तारीख असलेली ती बहुधा एकच घटना तो आपल्या चित्रात येऊ देतो, कारण कबर चित्राला शोभते. घांगरियाकडे येताना जे भ्यूंडार लागते ते गाव जून २०१३ च्या पुरात उद्ध्वस्त झाले, हे त्याच लेखात अनेकदा ‘वाटेची दुरवस्था’ या शीर्षकाखाली जाते.

आणि पुलना, जेथे आज सामान खेचरांवर लादले जाते, ते तर नुसते नाव म्हणून येते. चिपको आंदोलनाच्या इतिहासात १९७८ ची एक नोंद आहे. भ्यूंडारच्या जंगलात तोडीसाठी माणसे आली तेव्हा पुलन्याच्या स्त्रियांनी त्यांची हत्यारे ताब्यात घेतली, आणि जंगल सोडून जाल तेव्हा ती परत न्यावीत म्हणून त्यांच्यासाठी रीतसर पावत्या ठेवल्या. दरीविषयीच्या वाङ्मयाची सूची करायला बसलो तर स्माइथच्या खाली मी या पावत्यांची नोंद करीन. त्यांत एकाही फुलाचे नाव असण्याचे कारण नव्हते. कोणाचे काय घेतले आणि ते केव्हा परत मिळेल, एवढाच त्यांचा मजकूर.